डाव्या दाराचा पत्रा

६ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची! चिंचवडहून दोन पिशव्या, माझा रोलर, हीट गन आणि सासूबाईंनी बळेच कोंबलेला चटणीचा डबा घेऊन निघाले आणि जेवणाच्या आत कर्जतला पोचलेसुद्धा. धनेशभाऊ स्कूटर घेऊन स्टेशनवर उभे होते. पन्नाशीचा माणूस, हसरा, बोलायला मोकळा. स्कूटर मात्र अशी चालवतात की मागच्याने देवाचं नाव घेत बसावं. त्यांचं गॅरेज दहिवलीच्या पुढे, रस्त्याला लागून. पत्र्याची शेड, मागे भात कापून झालेली शेतं, त्यात आता वाल पेरलाय, आणि त्याच्यामागे डोंगर. चिंचवडच्या त्या कोंदट गाळ्यात अकरा वर्षं काढल्यावर मला तर इथे नाचावंसं वाटलं.

काम माझं तेच. गाडीचा पत्रा उघडा करायचा, पुसायचा आणि त्याला काळी चिकट शीट लावायची, म्हणजे पत्रा थरथरत नाही आणि आवाज मरतो. लोक विचारतात, तू नक्की करतेस काय? मी सांगते, पत्र्याचं तोंड बंद करते. कर्जत-खालापूरकडे फार्महाऊस बांधलेल्या लोकांना मोठाल्या गाड्या हव्यात, पण रस्ता ऐकू यायला नको आहे. त्यांच्यासाठी भाऊंना या कामाचं माणूस हवं होतं. तीन महिने बघायचं. जमलं तर मनोज आणि रेवालाही इकडेच आणायचं असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलंय.

खोली इंदूबाईंच्या घरी, मागच्या अंगाला. भाड्यात दुपारचा डबाही आहे. बाई विधवा, तोंडाने फटकळ, हाताला चव. संध्याकाळी साडेसातला रेवाला फोन केला. पाच वर्षांची झाली तरी गोष्टीशिवाय घास गिळत नाही. कोंबडीला चष्मा लागतो ही गोष्ट आज रचली. फोन ठेवताना दोघींनाही जरा रडू आलं, पण दोघींनीही ते लपवलं.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवसांत एक मोठी गाडी हातावेगळी केली. मालक आत बसून दार लावून म्हणाला, बहिरा झालो की काय! यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही.

आज एक पिकअप आलीय. मालक लडकूदादा, भिवपुरीच्या बाजूला डोंगराखाली गाव आहे, भाजी आणि कोंबड्या वाहतो. चाळिशीचा असेल, पण खांदे पार उतरलेले. पिकअपवाल्याला कशाला हवं हे आवाज मारायचं डॅम्पिंग, मागे कोंबड्या बोंबलणारच की! पण त्याचं म्हणणं ऐकून मी रोलर खाली ठेवला. तो म्हणाला, "ताय, भायेरचा आवाज आत येतो तो येऊं दे. आतला भायेर जायला नको."

अकरा वर्षांत हे उलटं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, गाणी फार मोठ्याने लावता का? तर गाडीत टेपच नाही. डावं दार बाहेरून तारेनं करकचून बांधलेलं आहे. ते सोडायचं नाही, तिकडनं कुणी बसत नाय, एवढंच बोलून गेला. जाताना बॉनेटवर हात ठेवून जरा उभा राहिला. आजारी गुराला हात लावतात तसा.

पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून बघायची माझी सवय आहे. मोकळा पत्रा ठण्ण करतो, शीट लागली की नुसतं ठप. ही गाडी मोकळी असून ठप करत होती.

९ जानेवारी, गुरुवार

कारण आज कळलं. सीटा काढल्या, दारांची आतली पॅडं काढली, छताचं कापड उतरवलं, आणि बघते तर जिथे म्हणून पोकळी तिथे काहीतरी कोंबलेलं. गोधडीचे तुकडे, काथ्या, थर्माकोल, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. छतात तर अख्खं जुनं लुगडं घडी घालून दाबलं होतं. म्हणजे दादाने आधी स्वतःच्या अकलेनं करून पाहिलं होतं. मला हसू आलं आणि मग ते जरा ओसरलं, कारण एवढी मेहनत माणूस उगाच करत नाही.

गोधडीचा कापूस तपकिरी पडलाय. इस्त्री जास्त वेळ राहिली की कापड होतं तसा. भाऊंनी सगळ्या वायरी तपासल्या, एकही जळालेली नाही. बॅटरी काढून ठेवली तरी. सगळी घाण काढून, थिनरने पुसून पत्रा आरशासारखा केला. आता वाजवला की छान ठण्ण होतं. उद्यापासून शीट.

१० जानेवारी, शुक्रवार

आमची तपासायची एक पद्धत आहे. मी आत बसून दारं लावून घेते. बाहेरचा माणूस गाडीभोवती फिरत हाका मारतो. हाक जिथून स्पष्ट आली तिथे फट आहे असं समजायचं. मी आतून ओ देते, म्हणजे त्याला कळतं, ऐकू आलं, पुढे सरक. आतली हँडलं काढलेली असतात म्हणून दारही तोच बाहेरून उघडतो. चिंचवडला दिवसातून पन्नास वेळा ओ द्यायचे मी. झोपेतही देते असं मनोज म्हणतो.

छताला शीट लागली, उजवं दार झालं, ते ओढून घेऊन डावं आतूनच करत होते. निम्मं झालं असेल तेव्हा हाक आली. "माधवी, ए माधवी." बाईचा आवाज. इंदूबाई डबा घेऊन आल्या असणार म्हणून मी ओ दिली. पुन्हा हाक, पुन्हा ओ, जरा जोरातच, कारण भूक लागली होती. दार काही कुणी उघडेना. पंधरा मिनिटांनी भाऊ आले, ते सामान आणायला चारफाट्याला गेले होते. इंदूबाई तर आल्याच नव्हत्या. आज डबा उशिरा पाठवला.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे कुणी आलं असेल म्हणून सोडून दिलं. पण जेवताना चैन पडेना. हाक कुठल्या बाजूने आली हे मला सांगता येत नाही. माझा कान असा नाही. बंद डोळ्यांनी मी सांगते कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय. जेवण अर्धं टाकून दोनदा गाडीभोवती फिरून आले.

११ जानेवारी, शनिवार

शीट गरम आहे.

सकाळी आठला शेड उघडली. बाहेर गारठा, भाऊंनी कानटोपी घातलेली. गाडी कालपासून सावलीत, बॅटरी काढलेली. आत हात घातला तर छताची शीट चहाच्या पेल्यासारखी ऊन. डावं दारही. उजवं गार.

भाऊंना समजावून सांगितलं की आवाज मरतो म्हणजे नाहीसा होत नाही, शीट त्याची ऊब करून टाकते. पण ती इतकी थोडी असते की हाताला कळायची नाही. सांगता सांगता मीच मनात हिशेब मांडला. हाताला चटका बसेल एवढी ऊब व्हायची तर आत कुणी किती ओरडलं असेल? तेही रात्रभर? भाऊ म्हणाले, माल खराब आलाय. मीही हो म्हटलं. उजव्या दारालाही तोच माल आहे, हे दोघांनाही दिसत होतं.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. घसा बसलाय. टपरीवर तीनदा चहा मागितला तरी माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. इंदूबाई वैतागल्या, "नीट बोल गं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतंस?" त्यांनी गवती चहा आणि आल्याचा काढा करून दिला. घसा दुखत नाही, खवखवत नाही. मला माझा आवाज नेहमीसारखाच ऐकू येतो, लोकांना मात्र येत नाही.

संध्याकाळी गोष्ट सांगितली. रेवा मधेच म्हणाली, आई तू लांब का गेलीस? मी फोन ओठांना लावून बोलत होते.

१३ जानेवारी, सोमवार

काल लडकूदादा येऊन गाडीत तासभर बसून गेला म्हणे. भाऊंना वाटलं, काम बघायला आला असेल. जाताना डोळे लाल होते.

आज शेवटची शीट लावून मी आत बसले आणि भाऊंना हाका मारायला सांगितलं. काचेतून दिसत होतं, बिचारे मान ताणून ओरडत होते, पण आत एक अक्षर येत नव्हतं. आयुष्यात इतकं सफाईचं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मला अभिमान वाटला हेही लिहून ठेवते.

मग त्या शांततेत छतातून बाई बोलायला लागली. घाबरवणारं काही नाही. कोंबड्या आत घे म्हणाली. भाताला मीठ घातलंस का. दार लोटून घे, वारा येतोय. कुणीतरी शेजारच्या खोलीतून बोलावं तसं, पण फार दमलेलं, तोंडावर उशी ठेवल्यासारखं. मी गोठून बसले. आणि मग माझ्या डाव्या गुडघ्याजवळून, दाराच्या पत्र्यातून, आवाज आला, "ओ!"

तो माझा होता. शुक्रवारचा. भूक लागलेला.

भाऊंनी दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या अंगावरच कोसळले. काय झालं ते मी सांगत होते, सांगत होते, आणि भाऊ म्हणत होते, ताई, जरा मोठ्याने बोला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी इंदूबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हटलं. त्या वाट बघत राहिल्या. मी पुन्हा म्हटलं. शेवटी त्याच पुटपुटल्या की मुकाट्याने काय देतेस गं, आज तरी बोल.

आता काहीच बाहेर येत नाही. कुजबुजसुद्धा नाही. या वहीत लिहून भाऊंना दाखवलं, मला त्या माणसाकडे न्या.

लडकूदादाचं घर डोंगराला चिकटून आहे. अंगणात त्याची बायको हिरू वालाच्या शेंगा सोलत होती. मला बघून उठली आणि बोलायला लागली. ओठ हलत होते, हात हलत होते, बसा म्हणत होती, पाणी आणू का म्हणत होती, आणि आवाज नव्हता. ती मला दिसली आणि मला मी दिसले. आम्ही दोघी उभ्या उभ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दादाने सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी जुनी गाडी म्हणून घेतली. आधी कुणाची, त्यात काय झालं, हे त्याला ठाऊक नाही. गाडी हाक मारते. नावानं मारते. हाकेला ओ दिली की त्या माणसाचा आवाज आत जातो, आणि मग गाडी त्या आवाजात पुढच्याला बोलावते. भाद्रपदात हिरूने ओ दिली. दिवाळीत हिरूच्या आवाजाला शेजारच्या सोनुबाईने दिली, ती म्हातारी त्या धसक्यातच गेली. "आमच्याकडं हाकेला ओ दिल्याबिगर माणूस ऱ्हात नाय, ताय. दिली नाय तर माज आला म्हनतात." म्हणून त्याने आधी चिंध्या कोंबल्या आणि मग मला गाठलं. गाडी जाळून का टाकली नाही, असं मी वहीत लिहून विचारलं. तो म्हणाला, तिच्यात माझी हिरू बोलते. रोज सांजच्याला आत बसून मी तिचं ऐकतो.

मला आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर केलं असतं का तुम्ही, म्हणाला. खरं आहे. मी त्याला हसले असते.

मग तो रडायला लागला. रविवारी ऐकलं तर हिरू पार बारीक झाली होती. मी तिला आणखी दाबली का, असं विचारत होता. मी वही मिटली. शीट आवाजाची ऊब करते. हिरू रोज थोडी थोडी जळतेय. आणि दारात मीही.

संध्याकाळी फोन केला. रेवा हॅलो, हॅलो करत राहिली. मी सगळी गोष्ट सांगितली. अगदी शेवटपर्यंत.

१५ जानेवारी, बुधवार

सगळी शीट काढणार. ठरलं. शीट नसेल तर आवाज जळायचा थांबेल, कदाचित परतही येईल. मला आवाज परत हवाय. मला रेवाशी बोलायचंय. बाकी काही नको.

सकाळपासून छत. मी लावलेली शीट, ती काय सहज निघते! बोटांना फोड आले, च्युइंगमसारखे काळे तंतू केसात. अकराच्या सुमारास सबंध सुटली आणि पत्रा मोकळा झाला. दहा मिनिटांत भाऊंच्या फोनवर लडकूदादा. हसत होता का रडत होता कळेना. हिरू बोलली! च्या ठेवू का म्हणाली! मी भाऊंचे हात धरून शेडमध्ये गरगरा फिरले.

म्हणजे होतं. म्हणजे माझाही येईल.

मी हात धुवायला नळावर गेले. भाऊ दुसऱ्या गाडीखाली उताणे पडून काम करत होते. छतातून बाई मोठ्याने म्हणाली, "धनेशभाऊ, अवो भाऊ." शीट नव्हती ना आता. शेडभर ऐकू गेलं. मी ओरडत धावले. नुसतीच धावले.

भाऊंनी गाडीखालून ओ दिली. सगळं माहीत असून. तोंडातून निघूनच गेली, हातातलं काम तसंच चालू होतं —

१६ जानेवारी, गुरुवार

भाऊंचा आवाज सकाळी चिरका होता. दुपारी गेला. एका शब्दाने मला बोलले नाहीत, म्हणजे बोलले असतील तर — त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली, हात जोडले आणि खोपोलीला बहिणीकडे निघून गेले. ते जोडलेले हात मला दिवसभर दिसताहेत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

छताची शीट परत लावली. नवी, जाड, कडेकडेने रोलर फिरवून. हे बाहेर जाता कामा नये. लडकूदादाला लिहून कळवलं. उत्तर म्हणून त्याने फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. शब्द नव्हते, नुसता श्वास. हिरू च्या ठेवता ठेवता गप्प झाली असेल.

मग डाव्या दाराची शीट काढली. माझी.

नुसतं बघायला. परत लावीन. हिरूची लावली तशी माझीही लावीन.

१७ जानेवारी, शुक्रवार

आला! एक शब्द आला. किडक्या दारासारखा करकरत, पण आला. रेवा.

तेवढाच येतो. पाणी म्हणायला गेले तरी रेवा. इंदूबाईंना हाक मारली तरी रेवा. दाराच्या आत कुणीतरी तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघतंय असं —

फोन केला. रेवा म्हटलं. पलीकडून लगेच, "ओ आई!" किती गोड देते ती ओ. आपणच शिकवलंय, 'काय' म्हणायचं नाही, 'ओ' म्हणायचं. मी पाच वेळा म्हटलं, तिने पाच वेळा दिली. मग एकदम लक्षात आलं मी तिच्याकडून काय करून घेतेय, आणि मी फोन कापला.

मनोजचा मेसेज. आवाज ऐकून जीव भांड्यात पडला, उद्या आम्ही दोघं येतो. मी लिहिलं, नको. लिहिलं, रेवाला अजिबात आणू नको. तो म्हणतो, तिने बॅग भरलीय, दारात बसलीय, तूच सांग तिला नाही म्हणून. मी कशी सांगणार? मला एकच शब्द येतो.

शीट आत्ता लावायला हवी. लावली की हाही शब्द जाईल. मग पुन्हा कधीच —

सकाळी लावते. ते यायच्या आत. आजचा दिवस राहू दे माझा आवाज. एकच दिवस.

१८ जानेवारी, शनिवार

नऊला शेडवर येऊन गाडीत बसले. शीट मांडीवर, रोलर हातात. लावली नाही. दारातून मी बोलत होते. गोष्ट सांगत होते, कोंबडीची, माझ्या नेहमीच्या आवाजात. ऐकत बसले. फार दिवसांनी ऐकलं स्वतःला. किती वेळ गेला —

उजवं दार सवयीने ओढून घेतलं होतं. आत हँडल नाही. उघडायला भाऊ नाहीत. डावं तारेनं बांधलेलं. बॅटरी नाही, हॉर्न नाही. कटर बाहेर, फोन बाहेर टेबलावर. हातातला रोलर हलका, काचेला ओरखडाही पडला नाही.

रिक्षा थांबली. ते आले.

उजव्या दारावर ठोकलं, छतावर ठोकलं, लाथा मारल्या. ठप. ठप. काय सुंदर काम केलंय मी. मनोज पाठमोरा, मला फोन लावतोय. टेबलावर वाजतोय, तो तिकडेच गेला. मग डाव्या उघड्या पत्र्यावर रोलर हाणला. ठण्ण. मनोजने नाही ऐकलं. रेवाने ऐकलं.

धावत येतेय. दोन वेण्या घातल्यात. मीच बोलावलं तिला.

मनोज, हे पान काचेला लावतेय, तू बघ, वळ, वळ ना — रेवाला उचल, तिच्या तोंडावर हात ठेव, तिला बोलू देऊ नको, एक अक्षर नको — मी बरी आहे, मला नंतर काढ, आधी ती —

तो बघत नाही. रेवा काचेशी आलीय. हसतेय. मी मान हलवते, नको, नको. तिला वाटतं खेळ.

शीट लावते. जाऊ दे माझा आवाज. सगळा जाऊ दे. मनोज, तिला रोज गोष्ट तू सांग. काल लावायला हवी होती. हिरूची लावली तेव्हाच. मी नाही लावली कारण मला —

अर्धी बसली. खालचा कोपरा धरत नाही, रोलर —

दारातून हाक आली. गोड. मी मारते तशीच. रेवा, बाळा.

ती माझ्याकडे बघत नाही. दाराकडे बघतेय. तोंड उघ